चामड्याची सीट आणि चामडं चढवलेली सीट

सायकलच्या दुकानात 'लेदरची सीट दाखवा' म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. वरून दोन्ही तपकिरी, दोन्हींना मागच्या कडेला चकचकीत रिव्हेट, दोन्हींना चामड्याचा वास. पण एकीत आपण चामड्यावरच बसतो, आणि दुसरीत ते नुसतं वरचं आवरण असतं. लोक पहिलीची कीर्ती ऐकून दुसरी घरी आणतात. ज्यांना पहिली मिळते, त्यातले बरेच जण तिला दुसरीसारखं वागवतात आणि मुंबईत एका पावसाळ्यात तिची वाट लावतात. दोन्हींत चांगलं-वाईट आहे, पण एकीचे गुण दुसरीत शोधून उपयोग नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे: सीट उलटी करा. खाली काळं प्लास्टिक दिसलं तर ती आवरणाची. तिच्या आत प्लास्टिकचं कवच, त्यावर फोम किंवा जेल, आणि वर पातळ चामडं किंवा बहुतेक वेळा रेक्झिन ताणून चिकटवलेलं. उलट, खाली चामड्याची खरखरीत, रंग न दिलेली बाजू सरळ दिसली आणि पुढच्या नाकाखाली चामडं ताणायचा एक बोल्ट असला, तर ती ताणलेल्या चामड्याची. नाकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत जाड चामडं रिव्हेटने ठोकून ताणून धरलेलं असतं आणि मध्ये मोकळी हवा. फोम नाही, कवच नाही. रिव्हेट पाहून फसू नका, रेक्झिनच्या सीटवरही शोभेचे रिव्हेट लावतात.

ताणलेल्या सीटचं जगभर माहीत असलेलं नाव म्हणजे ब्रुक्स. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्याच्या साजाचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. त्यांचं बी१७ हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजही बनतंय. दुसऱ्या जातीतही नावाजलेल्या सीटा आहेत. १९८० च्या दशकात रेसच्या सायकलींवर दिसणाऱ्या सेले इटालियाची टर्बो आणि सान मार्कोची रोल्स या दोन्ही खऱ्या चामड्याच्या, पण आत प्लास्टिक आणि फोम. तेव्हा 'अस्सल लेदर' एवढ्या शिक्क्यावरून काहीच कळत नाही.

बसायला काय फरक पडतो? आपलं वजन सीटवर पडतं ते बुडाच्या दोन हाडांवर. जाड फोमवर बसलं की पहिली दहा मिनिटं सुख वाटतं. मग हाडं फोम दाबून खाली जातात आणि मधला फोम वर येऊन नाजूक भागावर दाब देतो. लांबच्या राइडला बधिरपणा येतो तो बऱ्याचदा यामुळे. ताणलेलं चामडं आधी लाकडासारखं कडक लागतं, पण जिथे हाडं टेकतात तिथेच ते हळूहळू खोलगट होतं. काही महिन्यांनी तिरप्या उजेडात पाहिलं तर दोन उथळ खळगे स्पष्ट दिसतात, आणि बहुतेकांचे दोन्ही सारखे नसतात, कारण आपण एका बाजूला किंचित जास्त रेलतो. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग त्याच पायाची होऊन जाते, तसंच हे. चामडंही त्याच जातीचं, म्हणजे झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं. आपल्याकडे त्याला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं चामडं घट्ट असतं आणि घेतलेला आकार धरून ठेवतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं आवरणाला चांगलं, पण ताण सहन करायला नाही.

घामाचा मुद्दा मुंबईत फार महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पहाटे मरीन ड्राइव्हला निघालात तरी नरिमन पॉइंटहून गिरगाव चौपाटी गाठेपर्यंत चड्डी ओली झालेली असते. रेक्झिन आणि फोमवर तो घाम तिथेच राहतो, घासतो, पुरळ उठतं. ताणलेलं चामडं घाम शोषतं आणि खालून हवा लागल्याने वाळतंही. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, करणारे बरेच जण याच सीटवर का अडून बसतात, ते इथे कळतं. फक्त सुरुवातीला रंग सुटतो, फिकट कपडे घालू नका.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर या शहरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, आणि भिजलेल्या चामड्यावर बसून चालवणं ही या सीटची सगळ्यात मोठी हानी. ओलं चामडं ताणतं, मध्ये झोळ पडतो, कडा बाहेर फाकतात, आणि तो आकार परत येत नाही. वरून पिशवी घालून अर्धंच काम होतं, कारण मागच्या चाकाचं पाणी खालून, रंग नसलेल्या बाजूवर उडतं. पूर्ण लांबीचं मडगार्ड नसेल तर पावसात ही सीट लावूच नका. भिजलीच तर घरात पंख्याखाली सावकाश वाळू द्या. उन्हात किंवा ड्रायरने वाळवली तर चामडं तडकतं. पाण्यात न नेताही जुलैत खालच्या बाजूला, रिव्हेटच्या भोवती पांढुरकी बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसायची आणि सीट कपाटात न कोंबता हवेशीर ठेवायची.

निगा म्हणून मेणाचं मलम वर्षातून दोन-तीनदा, पातळ हाताने, खालूनही. खोबरेल किंवा एरंडेल चोपडू नका. तेल मुरलं की चामडं नको इतकं मऊ होतं आणि सीट लवकर झोळते. नाकाखालचा बोल्ट पान्ह्याने पाव-अर्धा फेरा, तोही खरंच सैल वाटली तरच. नवीन सीट कडक आहे म्हणून किंवा हौसेने आवळत राहिलात तर रिव्हेटपाशी चामडं फाटतं.

आवरणाच्या सीटला यातलं काही लागत नाही. फडक्याने पुसली की झालं. ती हलकी असते: बी१७ अर्ध्या किलोच्या वर जाते, तर प्लास्टिकच्या कवचाची चांगली सीट त्याच्या निम्म्यातही मिळते. खूप वाकून, वेगाने चालवणाऱ्याला तिचे अरुंद आकार सोयीचे. कव्हर फाटलं तर धारावीत चामड्याचं काम करणारे कारागीर आहेत, नवं शिवून घेता येतं. आतला फोम मात्र काही वर्षांत बसतो, मग ती टाकून द्यायची. ताणलेली सीट नीट सांभाळली तर दशकं टिकते.

माझं मत स्पष्ट आहे. सायकल घरात किंवा बंद जिन्यात उभी राहत असेल आणि तुम्ही तासन्‌तास सरळसर बसून चालवत असाल, तर ताणलेल्या चामड्याला तोड नाही. सायकल दिवसभर स्टेशनबाहेर उघड्यावर उभी राहणार असेल तर रेक्झिनचीच घ्या. तिथे महागड्या सीटला पाऊस आणि चोर दोघांचीही भीती. आणि गाईबैलांचं कातडं नको असेल, तर ब्रुक्सनेच कॅम्बियम नावाची सीट काढली आहे: रबर आणि सुती कापडाची, तशीच ताणलेली, पावसाला न घाबरणारी. ती तुमच्या हाडांप्रमाणे खोलगट मात्र होत नाही.

जुनी सीट घेत असाल तर वरची चकाकी बघू नका, ती पॉलिशने येते. रिव्हेटभोवती बारीक चिरा आहेत का ते बघा, बोल्ट फिरतो का ते बघा. बोल्ट आवळून आवळून शेवटपर्यंत गेलेला असेल तर चामड्याचा ताण संपलेला आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.