बोदलेअरची कविता, द्युपार्कचं गाणं

फ्रेंच आर्ट साँग म्हणजे एक आवाज आणि एक पियानो, बस्स. आधी पॅरिसच्या दिवाणखान्यांत 'रोमान्स' नावाची सोपी गोड गाणी चालायची, मग 1830 नंतर ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टची गाणी तिकडे पोचली आणि पियानो नुसता साथीला बसत नाही, तोही बोलतो हे लोकांना कळलं. त्यातून जो प्रकार उभा राहिला तो म्हणजे मेलोदी. बर्लिओझ, गुनो वगैरे संगीतकार मंडळी आहेतच, पण माझं सगळ्यात आवडतं संगीतकार आंरी द्युपार्कचं 1870 चं 'लँव्हितासिओं ओ व्वायाज', म्हणजे प्रवासाचं आमंत्रण.

शब्द फ्रेंच कवी बोदलेअरचे, 1857 च्या 'ले फ्लर द्यु माल' या कवितासंग्रहातले. त्या संग्रहावर खटला झाला, कवीला दंड बसला, सहा कवितांवर बंदी आली (ही त्यात नव्हती). प्रियकर म्हणतो चल, तुझ्यासारख्याच दिसणाऱ्या त्या देशात जाऊन राहू. देशाचं नाव नाही, पण कालवे आणि त्यात झोपलेली जहाजं बघून बरेच जण हॉलंड म्हणतात. गंमत म्हणजे 1841 मधे पोरगा सुधारावा म्हणून सावत्र वडिलांनी बोदलेअरला कलकत्त्याच्या जहाजावर चढवलं होतं आणि हा गडी मॉरिशस, रियुनियनपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरला. कवितेच्या मधल्या कडव्यात पूर्वेकडचं वैभव, अत्तरं, आरसे, चकचकीत फर्निचर असं सगळं आहे, आणि द्युपार्कने नेमकं तेच कडवं गाळलं! मला तरी ते पटतं, कारण खोलीचं ते वर्णन गेलं की गाणं ढगाळ आभाळातून सरळ कालव्यावरच उतरतं.

द्युपार्क तेव्हा अवघा 22 वर्षांचा, संगीतकार सेझार फ्रांकचा शिष्य. त्याच वर्षी प्रशियाशी युद्ध पेटलं, सप्टेंबरमधे पॅरिसला वेढा पडला, हाही सैन्यात होता. आणि गाणं मात्र असलं. सुरुवातीला डाव्या हातात सा-पचा पाया तंबोऱ्यासारखा धरून ठेवलाय, वर उजवा हात पाण्यासारखा हलत राहतो, आणि 'तिथे सगळी सुव्यवस्था, सौंदर्य, ऐश्वर्य, शांती, सुख' हे पालुपद आलं की आवाज जवळजवळ एकाच सुरावर थांबतो. दुसऱ्या कुणी इथे तान मारली असती, मोठा सूर लावला असता.

युद्धानंतर 1871 मधे फ्रेंच संगीताला हक्काचं व्यासपीठ हवं म्हणून सोसिएते नासिओनाल ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत द्युपार्कही होता. पण 1885 मधे, वयाच्या 37 व्या वर्षी, मज्जातंतूंच्या आजारामुळे त्याचं लिहिणंच थांबलं, पुढे दृष्टीही गेली, आणि माणूस जगला 1933 पर्यंत. बरंचसं लिहिलेलं त्याने स्वतःच नष्ट केलं, ऑपेराचं कामसुद्धा, म्हणून आज त्याची जेमतेम सतराएक गाणी आहेत. त्यातलं 1884 चं 'ला व्ही आंतेरिअर' परत बोदलेअरचंच. 'लँव्हितासिओं' त्याने नंतर ऑर्केस्ट्रासाठीही बसवलं, पण आधी पियानोवालंच ऐका.