सँडट्रे आणि सँडप्ले: वाळू तीच, शिकायचं मात्र वेगवेगळं

सँडट्रे थेरपीचं, म्हणजे वाळूच्या ट्रेत छोटी खेळणी मांडून करायच्या मानसोपचाराचं, वर्कशॉप म्हणून नाव नोंदवायचं, तिथे गेल्यावर ट्रेनर दिवसभर सँडप्ले सँडप्ले म्हणत राहतात, मधूनच कुणीतरी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मुलांवर करायचे उपचार, असंही म्हणतं, आणि परतताना डोक्यात फक्त वाळू आणि छोटी खेळणी एवढंच उरतं. मलाही हा फरक कळायला बराच वेळ लागला आणि तो कळायच्या आधी मी काही सेशन्स अशी घेतली की आज तशी घेणार नाही, म्हणून जे आत्ता या कामात शिरतायत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय.

गोंधळ होतो त्यात कुणाची चूक नाही, कारण बाहेरून दोन्ही जवळपास सारखंच दिसतं. सँडप्लेचा ट्रे साधारण ७२ सेंटीमीटर लांब, ५७ रुंद आणि ७ खोल, सँडट्रेवाले बहुतेक ३० बाय २० इंच आणि ३ इंच खोल असा वापरतात, म्हणजे फरक नगण्यच. या मापामागे कारण आहे, समोर बसलेल्या माणसाला मान न फिरवता सगळं चित्र एका नजरेत मावलं पाहिजे. आतून ट्रे निळा रंगवलेला असतो, वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं आणि कडा आकाश होतात. शक्यतो एक ट्रे कोरडा, एक ओला. शेल्फवर माणसं, प्राणी, घरं, झाडं, पूल, कुंपणं, राक्षस, देव, वाहनं, कवट्या, शंख, सगळं. आणि ट्रे मोडायचा तो क्लायंट गेल्यावर, त्याच्यादेखत नाही, यावर बहुतेक दोन्हीकडे एकमत आहे.

मूळही एकच आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर छोट्या खेळण्यांचे खेळ मांडायचे आणि त्यावर त्यांनी १९११ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं. ते डोक्यात ठेवून लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या क्लिनिकमध्ये खेळण्यांची पेटी ठेवली, शेजारी वाळूचा ट्रे आणि पाणी होतं, आणि मुलंच खेळणी उचलून वाळूत नेऊन मांडायला लागली. ही १९२९ च्या आसपासची गोष्ट. मुलं त्या मांडणीला ‘जग’ म्हणायची, त्यावरून वर्ल्ड टेक्निक हे नाव पडलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, ही पद्धत आधी मुलांनी केली आणि मोठ्यांनी ती बघून शिकली.

पुढे डोरा काल्फ या स्विस बाईंनी, ज्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांत तयार होत होत्या, १९५४ मध्ये झुरिकला लोवेनफेल्डना ऐकलं, १९५६ मध्ये लंडनला जाऊन त्यांच्याकडे शिकल्या, आणि परत येऊन त्यात युंगचं मानसशास्त्र मिसळून जे तयार केलं त्याला सँडप्ले म्हटलं, नाव मुद्दाम वेगळं ठेवलं. म्हणजे सँडप्ले हे एका ठरावीक परंपरेचं नाव आहे. सँडट्रे हे त्याहून मोठं छत्र, वाळू आणि मिनिएचर, म्हणजे छोटी खेळणी, वापरून मानसोपचाराच्या कुठल्याही विचारसरणीतून केलेलं काम त्यात येतं, मग ते ॲडलेरियन असो, गेस्टाल्ट असो, मूलकेंद्री म्हणजे मुलाच्या कलाने चालणारं असो की फॅमिली थेरपी.

आता खरा फरक. समजा एका मुलीने ट्रेच्या कोपऱ्यात कुंपण घातलं, आत एक घोडा ठेवला, बाहेर एक बाई वाळूत अर्धी पुरली, हात झटकले आणि तुमच्याकडे बघितलं.

सँडप्लेवाली थेरपिस्ट इथे जवळपास काहीच बोलत नाही. नाव विचारत नाही, गोष्ट मागत नाही, बाई कोण हेही विचारत नाही. मुलगी आपणहून बोलली तर मन लावून ऐकते. ती गेल्यावर फोटो काढते, काय कुठे होतं, आधी काय ठेवलं, कुठल्या वस्तूवर हात अडखळला हे लिहून ठेवते. अर्थ थेरपिस्टच्या मनात येतो, नाही असं नाही, पण तो तोंडावर येऊ देत नाही, आणि सगळे ट्रे ओळीने बघणं हे पुष्कळ महिन्यांनी, काम बरंच पुढे गेल्यावर. काल्फ मोकळ्या आणि संरक्षित जागेबद्दल बोलायच्या, तशी जागा मिळाली की मन आतूनच सावरायला लागतं असा हा विश्वास, आणि थेरपिस्टने तिथे गप्प बसणं हेच ते संरक्षण. लांबून बघणाऱ्याला वाटतं ही नुसती बसलीये, पण आत तिचं किती काम चाललेलं असतं ते बसणाऱ्यालाच माहीत.

सँडट्रेवाली थेरपिस्ट बोलू शकते. सुरुवातीलाच विषय देऊ शकते, ‘तुझ्या घरातले सगळे इथे ठेव’ किंवा ‘शाळेतला एक दिवस कर’, आणि काहीच विषय न देता मोकळंही सोडू शकते. ट्रे झाल्यावर म्हणते, ‘मला या जगाबद्दल सांग’, मग विचारते याला नाव काय देशील, घोड्याला तिथून काय काय दिसतं, कुंपणाला दार कुठे आहे, काही हलवावंसं वाटतंय का. जोडप्याला एकच ट्रे देऊन दोघांनी मिळून जग करायला सांगणं किंवा अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवणं हे इथलं काम, सँडप्लेत शक्यतो एक माणूस आणि एक थेरपिस्ट असतो.

पण बोलायची मुभा म्हणजे काहीही बोला असं नाही, आणि नवीन लोक नेमके इथेच घसरतात. ‘हा घोडा म्हणजे तूच ना?’ हा प्रश्न विचारला की मुलीने घोड्याच्या आड जी जागा मिळवली होती ती आपण काढून घेतली. तिला घोड्याबद्दल बोलता येत होतं कारण ते स्वतःबद्दल नव्हतं. म्हणून घोड्याशी घोड्यासारखंच बोलायचं, ‘घोडा आत एकटाच आहे’ एवढंच, आणि थांबायचं. तसंच नावांचं. आपल्याला साप दिसतो, तिच्यासाठी तो दोर असतो किंवा नदी, आपण आधी साप म्हटलं की तो तिचा राहत नाही. मूलकेंद्री प्ले थेरपीत हे पहिल्या काही दिवसांतच शिकवतात, मूल जोवर वस्तूला नाव देत नाही तोवर आपण ‘ते’, ‘हे’, ‘तो’ एवढंच म्हणायचं.

ट्रेनिंगमध्ये आमच्या जोड्या लावून एकमेकींसमोर ट्रे करायला सांगितला होता. मी एक पूल उचलून ठेवला आणि दुसरी वस्तू हातात घेणार तोच समोरच्या सहकारी ताईंनी अगदी प्रेमाने विचारलं, ‘हे काय आहे गं?’ मी उत्तर दिलं, चांगलं सुसंगत उत्तर, आणि पुढचा सगळा ट्रे त्या उत्तराला शोभेल असा केला. जी वस्तू उचलणार होते ती शेल्फवरच राहिली. घरी येऊन ती आठवली तेव्हा रडू आलं, आणि मग पहिल्यांदा नीट कळलं की मी माझ्या क्लायंटच्या हातून अशा किती वस्तू शेल्फवर परत ठेवायला लावल्या असतील. आधी स्वतः करा मग दुसऱ्याला द्या असं प्रत्येक चांगला ट्रेनर का सांगतो ते वाचून समजत नाही.

सँडप्लेत तर ही अटच आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय सँडप्ले संस्था आणि तिच्याशी जोडलेल्या देशोदेशीच्या संस्था सर्टिफिकेट देतात, त्यासाठी आधी स्वतः क्लायंट म्हणून पूर्ण सँडप्ले प्रक्रियेतून जावं लागतं, मग सेमिनार, सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम, प्रतीकांवर अभ्यासपूर्ण लेखन, शेवटी एका पूर्ण केसचा लेखी अभ्यास. वर्षं जातात यात, आणि जायलाच हवीत, कारण गप्प बसणारीच्या मनात प्रतीकांचा आणि स्वतःच्या जखमांचा हिशेब स्पष्ट नसेल तर तिचं गप्प बसणं मुलीला एकटं टाकल्यासारखं होतं.

सँडट्रेला असं एकच दार नाही. मूळ काउन्सेलिंगचं शिक्षण, त्यावर प्ले थेरपी, त्यावर सँडट्रेचे कोर्स आणि सुपरव्हिजन असा सर्वसाधारण रस्ता. सँडट्रेवर पुस्तक लिहिणाऱ्या लिंडा होमायर आणि डॅनियल स्वीनी यांनी सेशनचे सहा टप्पे बांधून दिलेत, खोलीची तयारी, क्लायंटला ओळख करून देणं, निर्मिती, निर्मितीनंतरचं बोलणं, आवराआवर आणि नोंदी, आणि नवीन माणसाला असा कठडा हाताशी असला की बरं पडतं. अडचण एवढीच की दार एक नसल्यामुळे दोन दिवसांच्या वर्कशॉपवर कुणी दुकान मांडलं तर अडवणारं कुणी नाही, ट्रे आणि खेळणी आठवड्याभरात जमतात. वाळूत हात घातल्यावर ज्या माणसाचं जुनं भयंकर काही वर येतं त्याला त्या क्षणी कसं सावरायचं, कुठे थांबायचं, ओल्या ट्रेवरून कोरड्यावर कधी आणायचं, हे दोन दिवसांत येत नाही.

आणि प्ले थेरपी कुठे बसते? ती या दोन्हींहून रुंद, १९४७ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी तिची आठ तत्त्वं मांडली आणि पुढे गॅरी लँड्रेथ यांनी मूलकेंद्री पद्धत घडवली. तिच्या खोलीत वाळूही असते, पण चार वर्षांचं मूल ट्रक वाळूत पुरतंय, काढतंय, परत पुरतंय, तर तो जग मांडणारा ट्रे नव्हे, तो खेळ आहे, त्याला खेळ म्हणूनच बघा, फोटो काढून प्रतीकं शोधत बसू नका.

मला विचाराल तर आधी मूलकेंद्री प्ले थेरपी शिका. मूल काय करतंय ते शब्दांत परत देणं, भावना ओळखून सांगणं, आणि मर्यादा घालताना आधी भावना मान्य करायची, मग मर्यादा सांगायची, मग दुसरा पर्याय दाखवायचा, हे अंगात मुरलं की सँडट्रेत तोंड कधी उघडायचं ते आपोआप कळायला लागतं. सँडप्लेकडे त्यानंतर वळा, तेही वर्षं द्यायची तयारी असेल तर. आमच्या सुपरव्हायझर एक सराव करून घ्यायच्या, एका ट्रेचा फोटो दहा मिनिटं बघायचा आणि नुसतं वर्णन करायचं, एकही भावना नाही, एकही अर्थ नाही, ‘उजव्या कडेला तीन झाडं, एक आडवं पडलेलं’ असं. करून बघा, तिसऱ्या मिनिटाला ‘बिचारं झाड’ तोंडातून निघतंच.

आणि कुठल्याही कोर्सला पैसे भरायच्या आधी ट्रेनरला फोन करून एवढंच विचारा, क्लायंटचा हात ट्रेमधून बाहेर आल्यावर पुढची पंधरा मिनिटं तुम्ही काय करता. ‘आम्ही त्यांना सगळ्याचा अर्थ समजावून सांगतो’ असं उत्तर आलं तर दुसरा कोर्स शोधा.