सोसायटीला गेट लावायचंय? आधी रस्ता कुणाचा ते बघा

गेटचा विषय बहुधा चोरीनंतर निघतो. कुणाची तरी सायकल जाते आणि पुढच्याच रविवारी फॅब्रिकेटर टेप घेऊन हजर. कागदपत्रं नंतर बघू म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो.

गेट सोसायटीच्या प्लॉटच्या हद्दीत, कंपाउंडच्या रेषेत बसणार असेल तर काम सोपं आहे. भांडणं होतात ती तीन-चार सोसायट्यांमधून जाणाऱ्या गल्लीवरून. वर्षानुवर्षं 'आपली' म्हणून झाडलेली गल्ली कागदावर महापालिकेची निघते. बिल्डरने लेआउटमधला रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिला असेल, तर तिथे गेट, बूम बॅरियर, साखळी यातलं काहीच चालत नाही. मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 314 आणि राज्यातल्या इतर महापालिकांत 1949 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 231 लागतं. असा अडथळा आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. 'आमचा ठराव एकमताने झालाय' हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

म्हणून आधी हे कागद जमवा: प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणी नकाशा, मंजूर लेआउटची प्रत आणि विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे आपला डीपी रिमार्क. वॉर्ड ऑफिसात 'उद्या या' सुरू झालं तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. 'हा रस्ता सार्वजनिक का?' असं विचारू नका. 'अमुक सर्व्हे नंबरमधला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याच्या ताबा पावतीची प्रत द्यावी' असं लिहा. प्रत मागितली की गोलमोल उत्तर देणं अवघड जातं.

रस्ता सार्वजनिकच निघाला तर गेट विसरा. अवजड वाहनांचा त्रास असेल तर वाहतूक पोलिसांकडे निर्बंधासाठी अर्ज करता येतो; मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 मध्ये तशी तरतूद आहे. जागा खासगी असली तरी एक मेख आहे. शेजारच्या चाळीतली माणसं 20 वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड त्या वाटेने जात असतील, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ती वहिवाटीचा दावा करू शकतात. निदान पायी जाण्यापुरतं दार उघडं ठेवा. तेवढ्याने कोर्टाच्या खेपा वाचतात.

आता सभा. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी द्यायची. गणपूर्ती, म्हणजे कोरम, दोन-तृतीयांश सभासद किंवा 20, यातली जी संख्या कमी ती. ठरावात गेटची जागा, खर्च, बंद-उघडायच्या वेळा आणि वॉचमनचा पगार स्पष्ट लिहा. वॉचमनचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) तो दर फ्लॅटला सारखाच असतो, वन बीएचके असो की थ्री. यावर आवाज चढतोच. चढू द्या, पण इतिवृत्तात नोंद हवी. गल्ली दोन सोसायट्यांच्या मालकीची असेल तर ठरावही दोघींचे वेगवेगळे लागतात.

मोजमापाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की मुख्य प्रवेश किमान 6 मीटर रुंद हवा, गेट कंपाउंडच्या भिंतीला टेकेल इतकं मागे गेलं पाहिजे आणि वर कमान असेल तर खाली 4.5 मीटर उंची मोकळी हवी. आमच्या सोसायटीचं पहिलं गेट दिसायला झकास होतं, पण खिट्टीसाठी मधोमध लोखंडी तुकडा बोटभर वर ठेवला होता. पहिल्याच पाण्याच्या टँकरचा टायर त्याने चिरला. तिथे अग्निशमनची गाडी असती तर? फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे देण्याआधी एक टँकर आत-बाहेर करून बघा.

एजन्सी नेमताना 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना मागा आणि त्यावरची तारीख वाचा. मुदत पाच वर्षांची असते. रक्षकाचं वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत हवं. प्रत्येकाच्या पोलीस पडताळणीची प्रत सोसायटीच्या फाइलला लावा. बदली वॉचमन आला की त्याचीही घ्या, कारण रात्रपाळीला नेमका तोच असतो.