कॅलिफोर्निया विद्यापीठ : पदव्युत्तर प्रवेश, पटसंख्या आणि विविधता

कॅलिफोर्निया विद्यापीठ ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची सार्वजनिक संशोधन-विद्यापीठांची व्यवस्था. स्थापना १८६८. बर्कली, डेव्हिस, अर्व्हाइन, लॉस एंजेलिस, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ असे तिचे १० कॅम्पस आहेत. मध्यवर्ती कार्यालय ओकलंडला असून अंतिम सत्ता रीजंट्स मंडळाकडे आहे. एकूण विद्यार्थी जवळपास तीन लाख. त्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा. यात संशोधन करणारे पीएच.डी.चे विद्यार्थी, एम.ए. व एम.एस. करणारे, तसेच वैद्यक, कायदा, दंतवैद्यक, पशुवैद्यक, व्यवस्थापन अशा व्यावसायिक शाखांतले सगळे येतात. सॅन फ्रान्सिस्को कॅम्पस आरोग्यविज्ञानाला वाहिलेला असून तिथे पदवीपूर्व वर्गच नाहीत. दुसऱ्या टोकाला मर्सेड. २००५ मध्ये उघडलेल्या या सर्वांत नव्या कॅम्पसवर पदव्युत्तर विद्यार्थी अजून शेकड्यांत मोजावे लागतात.

या विद्यापीठाच्या प्रवेशांवरचा वाद बहुतेक वेळा पदवीपूर्व प्रवेशांभोवतीच फिरतो. पण राज्याचे उद्याचे प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश आणि शास्त्रज्ञ कोण होणार, हे ठरते पदव्युत्तर वर्गांत. तिथला दरवाजा अरुंद आहे, आणि तो उघडणारे हात अनेक आहेत.

१९६०चा बृहत् आराखडा

विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा झाला, त्याने राज्यातल्या सार्वजनिक संस्थांची कामे वाटून दिली. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी खुली राहिली, राज्य महाविद्यालयांकडे (आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) पदवी व एम.ए.पर्यंतचे शिक्षण आले, आणि डॉक्टरेट व प्रमुख व्यावसायिक पदव्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे राहिल्या. पुढे ही भिंत थोडी थोडी झिजली. २००५च्या कायद्याने स्टेट युनिव्हर्सिटीला शिक्षणशास्त्रातली स्वतंत्र डॉक्टरेट देता येऊ लागली. नंतर शुश्रूषा आणि फिजिओथेरपीची भर पडली, आणि २०२३ मध्ये इतर व्यावसायिक डॉक्टरेटनाही वाट मिळाली. तरी सार्वजनिक क्षेत्रात पीएच.डी. करायची, तर मुख्य दार आजही कॅलिफोर्निया विद्यापीठाचेच.

त्यामुळे पटसंख्येचा प्रश्न साधा राहत नाही. राज्याची लोकसंख्या वाढली तशी पदवीच्या जागा वाढवण्याची मागणी विधिमंडळातून सतत होत राहिली. बारावी झालेल्या मुलांचे पालक मतदार असतात, पीएच.डी.च्या जागांसाठी कोणी मोर्चा काढत नाही. परिणामी एकूण विद्यार्थ्यांतला पदव्युत्तरांचा वाटा १९६०च्या दशकातल्यापेक्षा बराच कमी झाला आहे. ही मोठी चूक आहे, कारण पदवीच्या वाढत्या वर्गांना शिकवायला लागणारे टीचिंग असिस्टंट याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांतून येतात.

प्रवेश कोण देतो

पदवीपूर्व प्रवेशासाठी सर्व कॅम्पसना मिळून एकच अर्ज चालतो. पदव्युत्तर प्रवेशाला तशी सोय नाही. अर्जदार एका कॅम्पसच्या एका विभागाकडे अर्ज करतो. दुसरा कॅम्पस हवा असेल, तर दुसरा अर्ज आणि दुसरी फी. औपचारिक प्रवेश कॅम्पसच्या ग्रॅज्युएट डिव्हिजनचा, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण पाहणाऱ्या कचेरीचा, डीन देतो. पदवीला ४ पैकी किमान ३.० गुणसरासरी, इंग्रजीची परीक्षा यांसारख्या किमान अटीही डिव्हिजनच पाहते. खरी निवड मात्र विभागातल्या चार-पाच प्राध्यापकांची समिती करते. विज्ञानाच्या अनेक विभागांत तर त्याहून पुढे जाऊन अमुक विद्यार्थी आपल्या प्रयोगशाळेत हवा, असे एखाद्या प्राध्यापकाने म्हटल्याशिवाय नाव पुढे सरकत नाही.

पीएच.डी.चे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. गुणपत्रके, तीन शिफारसपत्रे, संशोधनाचा हेतू सांगणारे निवेदन, आणि वैयक्तिक वाटचाल सांगणारे वेगळे निवेदन अशी कागदपत्रे लागतात. हे दुसरे निवेदन या विद्यापीठाच्या पद्धतीत महत्त्वाचे आहे. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले असेल, शिकताना नोकरी करावी लागली असेल, आपल्या भागातल्या लोकांसाठी काही काम केले असेल, तर ते अर्जदाराने तिथे लिहायचे असते. पूर्वी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेचे गुण जवळजवळ सगळीकडे लागत. गेल्या काही वर्षांत, आणि २०२०च्या साथीनंतर विशेष वेगाने, अनेक विभागांनी ती अट काढून टाकली. वसंतात निवड झालेल्यांना पत्रे जातात. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर उत्तर देण्याची मुदत बहुतेक अमेरिकी विद्यापीठांच्या आपसातल्या समझोत्यानुसार १५ एप्रिल असते.

मध्यवर्ती कार्यालयाने विविधतेचे कितीही चांगले धोरण लिहिले, तरी ते शेकडो विभागांतल्या समित्यांच्या टेबलांवरून जावे लागते. एका विभागाने वर्षाला सहा-आठ विद्यार्थी घ्यायचे असतील, तर प्रत्येक निवड मोठी असते. आणि शिफारसपत्र ओळखीच्या प्राध्यापकाचे असेल, तर त्याचे वजन वाढते. पदवीला असताना संशोधनाची संधी न मिळालेला, लहान कॉलेजातला हुशार विद्यार्थी मागे पडतो तो इथे. त्यासाठी कुणाच्या मनात भेदभाव असावाच लागतो असे नाही.

बक्की खटला ते प्रस्ताव २०९

अमेरिकेतल्या प्रवेशविषयक कायद्याचा एक मोठा अध्याय याच विद्यापीठाच्या एका व्यावसायिक शाळेत लिहिला गेला. डेव्हिसच्या वैद्यकीय शाळेची पहिली तुकडी १९६८ची, ५० जणांची. तीत एकही कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन किंवा अमेरिकन इंडियन (तिथला मूळनिवासी) विद्यार्थी नव्हता. पुढे शाळेने १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या. ॲलन बक्की या श्वेतवर्णीय अर्जदाराला १९७३ आणि १९७४ असा दोनदा नकार मिळाला आणि तो न्यायालयात गेला. २८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोही दुभंगलेला. ठरावीक जागा राखणे बेकायदा ठरले आणि बक्कीला प्रवेश देण्याचा आदेश झाला. पण वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घ्यायला न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मताने वाट ठेवली. पुढची जवळपास ४५ वर्षे अमेरिकेतली विद्यापीठे याच वाटेने चालली.

कॅलिफोर्निया मात्र त्या वाटेवरून फार आधी उतरले. २० जुलै १९९५ रोजी रीजंट्स मंडळाने आपले एक सदस्य वॉर्ड कॉनर्ली यांच्या पुढाकाराने आणि गव्हर्नर पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने एसपी-१ हा ठराव १४ विरुद्ध १० मतांनी मंजूर केला. प्रवेशात वंश, धर्म, लिंग, वर्ण, राष्ट्रीय मूळ यांचा विचार करण्यावर त्याने बंदी आणली. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी सुमारे ५५ टक्के मतांनी प्रस्ताव २०९ संमत केला आणि ही बंदी कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेत गेली.

पहिला घाव पदव्युत्तर आणि व्यावसायिक शाखांवर बसला, कारण त्यांना नवा नियम पदवीपूर्व वर्गांच्या एक वर्ष आधी लागू झाला. १९९७च्या शरदात बर्कलीच्या कायदा शाळेत सुमारे २७० जणांच्या नव्या वर्गात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि त्यालाही प्रवेश आदल्या वर्षीच मिळालेला होता. त्या वर्षी प्रवेश देऊ केलेल्या १४ कृष्णवर्णीय अर्जदारांपैकी एकही आला नाही. आकड्यांच्या कोष्टकांपेक्षा ही एक ओळ अधिक सांगून जाते. प्रवेश देणे आणि विद्यार्थी येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे आपल्यासारखे कोणीच दिसत नाही, तिथे जाण्यापेक्षा दुसऱ्या चांगल्या विद्यापीठाचा प्रस्ताव माणूस साहजिकच स्वीकारतो. एक वर्ग असा रिकामा झाला की पुढच्या वर्षीचे अर्जही आटतात.

रीजंट्सनी २००१ मध्ये एसपी-१ मागे घेतला, पण घटनेतली तरतूद असल्याने प्रत्यक्षात फारसे बदलले नाही. ती तरतूद रद्द करू पाहणारा ‘प्रस्ताव १६’ मतदारांपुढे आला, तो नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी सुमारे ५७ टक्के मतांनी फेटाळला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत वंशाधारित प्रवेशनीती देशभर रद्द केली. इतर विद्यापीठे धावाधाव करत असताना कॅलिफोर्निया विद्यापीठ त्याच नियमाखाली पाव शतक काढून बसलेले होते.

बंदीनंतरचे मार्ग

वंशाचा विचार करायचा नाही, पण अर्जदारांचा समूह रुंदावायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून विद्यापीठाचे प्रयत्न समितीच्या टेबलापेक्षा त्याच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यांकडे वळले. २०१२ पासूनचा एक उपक्रम ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांशी, म्हणजे वांशिक विभाजनाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या महाविद्यालयांशी, जोडलेला आहे. त्यात विद्यापीठातले प्राध्यापक त्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात आपल्याकडे संशोधनाला बोलावतात. यांतले जे पुढे इथेच पीएच.डी.ला येतात त्यांना शिष्यवृत्तीचा आधार मिळू शकतो. असा उन्हाळा घालवलेल्या विद्यार्थ्याकडे शिफारसपत्र असते, संशोधनाचा अनुभव असतो, आणि त्या विभागात त्याला ओळखणारे कोणी तरी असते. वर सांगितलेली उणीव नेमकी इथे भरून निघते. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या महाविद्यालयांशीही असेच दुवे जोडले गेले आहेत.

वैद्यकात ‘प्राइम’ नावाचा कार्यक्रम २००४ मध्ये अर्व्हाइनला सुरू झाला. लॅटिनो वस्त्यांची आरोग्यसेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी तो होता. डेव्हिसला ग्रामीण भागासाठी, सॅन फ्रान्सिस्कोला शहरी गरीब वस्त्यांसाठी अशी त्याची रूपे पुढे उभी राहिली. निवड वंशावर होत नाही. कोणाची सेवा करायची, याच्याशी विद्यार्थ्याची असलेली बांधिलकी पाहिली जाते. रिव्हरसाइडची वैद्यकीय शाळा २०१३ मध्ये पहिल्या ५० विद्यार्थ्यांनिशी उघडली, ती डॉक्टरांची तीव्र टंचाई असलेल्या इनलंड एम्पायर भागासाठी. सगळ्या उपाययोजनांत हे मार्ग मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण त्यांत विविधतेचा विचार रुग्णाच्या गरजेपासून सुरू होतो.

तरीही अंतर मोठे आहे. २०२०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील सुमारे ३९ टक्के लोक लॅटिनो होते. पदवीपूर्व वर्गांत लॅटिनो विद्यार्थी लक्षणीय वाढले, पीएच.डी.च्या वर्गांत आणि प्राध्यापकांत ते प्रमाण पायरीपायरीने खाली येते. अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्रात स्त्रियांचे प्रमाणही असेच कमी आहे.

आकडे वाचताना सावध राहावे लागते. व्हिसावर आलेले परदेशी विद्यार्थी सरकारी तक्त्यांत वेगळे मोजले जातात, कोणत्याही वांशिक गटात धरले जात नाहीत. भारत किंवा चीनमधून आलेला विद्यार्थी ‘आशियाई’ रकान्यात नसतो. कॅलिफोर्नियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी असतो. शिवाय ‘आशियाई’ या एका शब्दाखाली आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग निर्वासितांची मुले आणि अभियंत्यांची मुले एकत्र येतात, आणि पहिल्यांची अडचण झाकली जाते. पीएच.डी. व एम.बी.ए. एकाच बेरजेत घातले, तरी चित्र फसवे होते.

पैसा

पीएच.डी.चा विद्यार्थी सहसा स्वतः फी भरत नाही. विभाग, शिष्यवृत्ती किंवा प्राध्यापकाचे संशोधन अनुदान ती भरते आणि वर स्टायपेंड देते. राज्याबाहेरील विद्यार्थ्यासाठी नेहमीच्या फीखेरीज वर्षाला १५,१०२ डॉलर जास्त द्यावे लागतात. अमेरिकी नागरिक साधारण एका वर्षाच्या वास्तव्यानंतर राज्याचा रहिवासी ठरू शकतो. विद्यार्थी-व्हिसावरचा परदेशी विद्यार्थी ठरू शकत नाही. पात्रता परीक्षा पार करून तो अधिकृत पीएच.डी. उमेदवार झाला, की ही जादा रक्कम तीन वर्षांपर्यंत माफ होते. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांवर ही परीक्षा लवकर देण्याचा दबाव असतो, आणि अनुदान तोकडे असलेला प्राध्यापक परदेशी विद्यार्थी घेताना दोनदा विचार करतो. दुसऱ्या बाजूला, राज्यातल्या शाळेत तीन वर्षे शिकून पुढे गेलेल्यांना २००१च्या एबी ५४० कायद्याने ही जादा रक्कम माफ आहे. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही पदव्युत्तर शिक्षणाचे दार त्यामुळे किलकिले झाले.

स्टायपेंड पुरेसा नसेल, तर विविधतेची भाषा पोकळ ठरते. ज्याच्या घरून मदत येऊ शकते तोच बर्कली किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या घरभाड्यात सहा वर्षे काढू शकतो. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व कॅम्पसवर सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत टीचिंग असिस्टंट आणि संशोधन-साहाय्यक मोठ्या संख्येने होते. संप डिसेंबरच्या अखेरीस मिटला. करारानुसार अर्धवेळ टीचिंग असिस्टंटचा नऊ महिन्यांचा किमान पगार ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुमारे ३४,००० डॉलर, आणि बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे ३६,५०० डॉलर झाला. ही वाढ न्याय्यच होती. पण तेवढा निधी सगळ्या विभागांना मिळाला नाही, आणि काहींनी नव्या विद्यार्थ्यांची संख्या कमी केली.

२०२५च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने एकट्या लॉस एंजेलिस कॅम्पसची सुमारे ५८.४ कोटी डॉलरची संशोधन अनुदाने थांबवली. न्यायालयाच्या आदेशांनी त्यांतली बरीच परत सुरू झाली, पण अनुदानावर पगार चालणाऱ्या विद्यार्थ्यांची भरती अशा अनिश्चिततेत आधी थांबते. व्यावसायिक शाखांपुढचे संकट वेगळे आहे. तिथे विद्यार्थी कर्ज काढून शिकतात, आणि १९९०च्या दशकापासून त्यांना नेहमीच्या फीवर व्यावसायिक अधिभारही द्यावा लागतो. २०२५च्या केंद्रीय कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचे केंद्रीय कर्ज बंद केले, आणि व्यावसायिक पदव्यांसाठीच्या केंद्रीय कर्जावर वर्षाला ५०,००० व एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. वैद्यकीय शिक्षणाचा चार वर्षांचा खर्च राहणी धरून याहून सहज जास्त होतो. वरचा फरक ज्यांना घरून भरता येणार नाही, त्यांच्यासाठी आता खासगी कर्ज, शिष्यवृत्ती किंवा सेवेच्या अटीवर मिळणारी मदत एवढेच पर्याय उरतात.