एन्सिनाल की शॅपरल? ओकची राई नेमकी कोणती?

शब्दकोश उघडलात तर अमेरिकेतल्या रानांच्या या दोन्ही नावांच्या मुळाशी ओकच सापडतो. म्हणून दोन्हींसाठी सर्रास 'ओकचं जंगल' लिहिलं जातं. एन्सिनालला ते बरोबर आहे, शॅपरलला साफ चुकीचं.

दोन्ही शब्द स्पॅनिशमधून अमेरिकी इंग्रजीत आले. शेवटचा '-आल' म्हणजे आपल्या आमराईतली 'राई'च. 'एन्सिना' हा सदाहरित ओक. शब्द लॅटिन 'इलेक्स'वरून आलेला. त्याची राई ती एन्सिनाल. 'चापार्रो' म्हणजे खुरटा, झुडपी ओक. मेक्सिकोत बुटक्या माणसालाही चापार्रोच म्हणतात, आणि गोम इथेच आहे: इंग्रजीत शॅपरल रुळला तेव्हा बुटकेपणा टिकला, ओक मागे पडला. कॅलिफोर्नियातल्या शॅपरलमध्ये चमीस, मँझनिटा, सीनोथस अशी ताठ पानांची झुडपं असतात. झुडपी ओक त्यातला फक्त एक. या झुडपांतून घोडा नेताना पाय ओरबाडू नयेत म्हणून गुराखी चामड्याच्या 'चापारेरास' चढवत. काउबॉयचे 'चॅप्स' ते हेच.

प्रत्यक्ष जागेवर उंची बघा. शॅपरल साधारण 1 ते 4 मीटर, आत शिरायला वाट नाही. एन्सिनालमध्ये फांद्यांखालून चालता येतं. पण आगीनंतर ओक बुंध्यापासून पुन्हा फुटतो आणि काही वर्षं झुडूपच वाटतो. तिथे उंची फसवते. मग पान तोडून उलटं करा. एन्सिनालमधल्या किनारी ओकचं (कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरचा सदाहरित ओक) पान पालथ्या चमच्यासारखं फुगीर, कडेला काटेरी दाते, आणि खालच्या बाजूला शिरांच्या बेचक्यांत लवीचे बारीक झुपके. झुडपी ओकचं पान बरंचसं सपाट असतं, हे झुपके त्याला नसतात.

आणखी एक चूक म्हणजे पानगळीच्या ओकलाही एन्सिनालमध्ये घालणं. स्पॅनिशमध्ये तो वेगळा, 'रोब्ले'. कॅलिफोर्नियातल्या पासो रोब्लेस या गावाच्या नावात तो दिसतो. 1852 साली स्थापन झालेल्या, कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडचं नाव मात्र तिथल्या एन्सिनालवरूनच पडलं.

मराठीत एन्सिनालसाठी 'सदाहरित ओकराई' चांगलं बसतं. शॅपरल तसाच ठेवावा, फार तर 'सदाहरित झुडपी रान' म्हणावं. आणि ओक म्हटल्यावर डोळ्यांसमोर सिल्व्हर ओक आणू नका. ते ऑस्ट्रेलियातलं झाड, ओकच्या कुळातलं नाहीच.