मार्टेनच्या हाडांतली गोष्ट

कर्करोगातून कुणी बरं झालं की आपल्या वर्तमानपत्रांत ठरलेले शब्द येतात: झुंज, मात, जिद्द. ऑगस्ट २००८ मध्ये जगभरचे पत्रकार हेच शब्द मार्टेन फान डर वेइडन या डच जलतरणपटूला लावू पाहत होते. रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या माणसानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं होतं, दुसरं काय लिहिणार? पण खुद्द मार्टेनलाच ते मान्य नव्हतं. सकारात्मक विचार आणि खेळ यांच्या जोरावर कर्करोगातून वाचता येतं, हे स्वतः कर्करोगातून बरा झालेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं म्हणणं त्याला पटत नव्हतं. ते धोकादायक आहे, असंही तो म्हणाला. कारण त्याचा अर्थ असा निघतो, की जे गेले त्यांचं मन कुठंतरी कमी पडलं. आपण नुसते पलंगावर पडून होतो, कष्ट डॉक्टरांनी केले, असं त्याचं सांगणं.

या एका भूमिकेसाठी मला हा माणूस फार मोठा वाटतो. आणि त्याचं म्हणणं मनावर घ्यायचं, तर त्याची कारकीर्द समजून घेण्यासाठी त्याच्या हाडांच्या आत डोकवावं लागतं.

मार्टेनचा जन्म १९८१ चा, नेदरलँड्समधल्या आल्कमार गावचा. उंची दोन मीटरहून जास्त. लांब पल्ल्याचा गुणी पोहणारा म्हणून नाव होऊ लागलं असताना २००१ मध्ये त्याला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं. हा आजार सुरू होतो अस्थिमज्जेत. आपल्या छातीचं हाड, बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं यांच्या आत लालसर, मऊ मज्जा असते. रक्ताचा कारखानाच तो. निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते. इतक्या कराव्याच लागतात, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवसच जगते आणि शरीरात रोज तितक्याच पेशी मोडीत निघत असतात.

या आजारात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची वाढ अर्धवट अवस्थेत अडकते आणि त्या अर्धवट पेशी बेसुमार वाढत सुटतात. मज्जेतली जागा त्याच व्यापतात. मग प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी कमी पडल्यानं थकवा आणि धाप, कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यानं जंतुसंसर्ग, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट्स) नसल्यानं रक्तस्राव, अशी तिन्ही संकटं एकदम येतात. पोहणाऱ्याला पहिलं संकट सगळ्यांत आधी जाणवणार, कारण त्याचा सगळा धंदाच प्राणवायूवर चालतो. लहान मुलांमध्ये हा आजार बरा होण्याचं प्रमाण बरंच चांगलं असतं, प्रौढांमध्ये ते कमी असतं. मार्टेन तेव्हा वीस वर्षांचा होता आणि त्याच्या जगण्याची आशा थोडीच होती.

त्याला केमोथेरपी दिली गेली आणि मूलपेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या पेशींचं, प्रत्यारोपण झालं. प्रत्यारोपण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावरची मोठी शस्त्रक्रिया येते. मूलपेशींच्या बाबतीत तसं काही नसतं. आधी जोरदार औषधांनी मज्जेतल्या पेशी, आजारी आणि चांगल्या अशा दोन्ही, जवळजवळ पुसून टाकतात. मग मूलपेशी शिरेतून सोडतात, रक्ताची बाटली चढवतात तशा. त्या रक्तातून फिरत फिरत आपणहून हाडांपर्यंत पोचतात आणि तिथं वस्ती करतात. त्यांना हाडाच्या दिशेनं ओढून नेणारे रासायनिक संकेत मज्जा स्वतःच देत असते. त्यानंतरचे दोन-चार आठवडे अत्यंत नाजूक. कारखाना बंद, जुना माल संपत आलेला, नवा यायचा बाकी. रुग्णाला जंतूंपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवतात आणि रोज रक्त तपासून पेशींच्या आकड्याची वाट पाहतात.

त्या दिवसांत मार्टेन पुढच्या आठवड्याचा विचार करत नसे, पुढच्या तासाचाच करायचा. हे त्यानं पुढं बीजिंगमध्ये सांगितलं.

२००३ मध्ये तो पुन्हा स्पर्धेच्या पाण्यात उतरला. २००४ मध्ये त्यानं आयसलमीर हे विस्तीर्ण सरोवर पोहून पार केलं आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे केले. आणि मग त्यानं जे केलं ते मला त्याच्या गोष्टीतलं सगळ्यांत विलक्षण वाटतं. तो कमी प्राणवायूच्या तंबूत झोपू लागला.

या तंबूत हवेतला प्राणवायू मुद्दाम कमी केलेला असतो. नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो, तंबूत डोंगरावरच्या विरळ हवेसारखी स्थिती तयार करतात. नेदरलँड्ससारख्या सपाट, काही भागांत समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या देशात डोंगर आणायचा कुठून? तंबूत झोपलेल्या शरीराला वाटतं आपण उंचावर आलो. मूत्रपिंडातल्या पेशींना ही टंचाई कळते आणि त्या एरिथ्रोपॉयटिन, म्हणजे ईपीओ, हे संप्रेरक जास्त सोडतात. ते मज्जेला सांगतं, तांबड्या पेशी वाढव.

पेशीला प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे कोडं बरीच वर्षं सुटलेलं नव्हतं. उत्तर फार सुंदर आहे. पेशी एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत बनवत असते आणि प्राणवायू पुरेसा असला तर ते लगेच नष्टही करत असते. नष्ट करायचं प्रथिन ओळखू यावं म्हणून त्यावर जी खूण करतात, ती करायलाच प्राणवायू लागतो. म्हणजे चिठ्ठी लिहायची आणि लगेच फाडायची, असा अखंड उद्योग. प्राणवायू कमी झाला की फाडणारा हात थांबतो, चिठ्ठी शिल्लक राहते, पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते आणि ईपीओचं जनुक चालू करते. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाहेरून ईपीओ टोचून घेणं खेळाडूंना बंद आहे. तंबूवर मात्र जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं बंदी घातलेली नाही. तंबूचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, आणि व्हायचाच असेल तर रोज बरेच तास, आठवडेच्या आठवडे त्यात काढावे लागतात.

आता एकदा मागं वळून पाहा. जी मज्जा काही वर्षांपूर्वी पुसून नव्यानं वसवली होती, तिच्याकडेच हा माणूस नेहमीपेक्षा जास्त पेशी मागत होता. आणि ती देत होती. डॉक्टरांचं काम किती पक्कं झालं होतं, याचा याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

मे २००८ मध्ये सेव्हिल इथं तो २५ किलोमीटरचा विश्वविजेता झाला. २१ ऑगस्टला बीजिंगजवळच्या शुन्यी इथं ऑलिंपिकमधली पुरुषांची पहिलीच १० किलोमीटरची शर्यत झाली. पंचवीस जण उतरले होते. ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस बराच वेळ सगळ्यांत पुढं होता. मार्टेन मागं राहिला, आणि हे मागं राहणं हिशेबाचं होतं. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट दाट. त्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गानुसार वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनानुसार. म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती तेहतीस टक्के जास्त लागते. पुढच्या पोहणाऱ्याच्या पायांमागं राहिलं तर त्यानं आधीच ढवळून पुढं ओढलेलं पाणी आपल्याला मिळतं. तिथं तोच वेग राखायला कमी प्राणवायू पुरतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. शिवाय दिशा पाहायला पुढच्यालाच डोकं वर काढावं लागतं. डोकं वर आलं की कंबर खाली जाते आणि विरोध वाढतो.

शेवटच्या टप्प्यात मार्टेननं वेग वाढवला आणि १ तास ५१ मिनिटं ५१.६ सेकंदांत शर्यत संपवली. डेव्हिस दीड सेकंदानं मागं, जर्मनीचा थॉमस लुर्त्स दोन सेकंदांनी. मार्टेनच्या सरासरी वेगाचा हिशेब केला तर दीड सेकंदात सव्वादोन मीटरच्या आसपास अंतर कापलं जातं. दहा हजार मीटर पोहून फरक पडला तो जवळपास त्याच्या स्वतःच्या उंचीएवढा. वर्षअखेरीस तो नेदरलँड्सचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला आणि त्याच सुमारास त्यानं स्पर्धांतून निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतरचं पोहणं मात्र मोठंच निघालं. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात अकरा शहरांना जोडणाऱ्या कालव्यांवरून सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. त्यासाठी बर्फ सगळीकडे किमान १५ सेंटीमीटर जाड लागतो. १९९७ नंतर तो तितका जमलेलाच नाही. मार्टेननं ठरवलं, आपण हा मार्ग पोहून जायचा, कर्करोगाच्या संशोधनासाठी. ऑगस्ट २०१८ मध्ये ५५ तासांत १६३ किलोमीटर झाल्यावर तब्येत ढासळली आणि त्याला पाण्यातून बाहेर काढावं लागलं. त्याच वर्षी पुण्याच्या रोहन मोरेनं जगभरातल्या सात सागरी खाड्या पोहून पार करण्याचं ‘ओशन्स सेव्हन’ हे आव्हान पूर्ण केलं होतं, त्यामुळं आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांना या आकड्यांचं वजन लगेच कळेल. अर्थात तिथले नियम वेगळे, अंग झाकणारा रबरी पोशाख चालत नाही. मार्टेननं तो घातला होता. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून नेतं, आणि दोन-तीन दिवस पाण्यात काढायचे असतील तर त्याला इलाज नाही. शिवाय बराच वेळ पाण्यात आडवं राहिलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. म्हणजे चहूकडे पाणी असताना आतून कोरडं पडायचं. त्यात दमलेल्या शरीराचं रक्त स्नायूंकडे वळलेलं, पोटाला कमी मिळणारं, मग खाल्लेलं टिकत नाही. आणि झोप तर नाहीच.

जून २०१९ मध्ये तो पुन्हा उतरला. या वेळी १९५ किलोमीटर, ७४ तास. वेग बीजिंगच्या निम्म्याच्याही आत, कारण त्यात खाणं आणि थांबणंही धरलंय. काठाकाठानं लोक चालत होते, पुलांवर गर्दी होती. २४ जूनला तो मार्गाच्या शेवटी, लेवार्डन शहरात पोचला. निरोगी माणसाच्या हिशेबानं पाहिलं तर त्या ७४ तासांत त्याच्या मज्जेनं सुमारे ५३ हजार कोटी तांबड्या पेशी नव्यानं घडवल्या होत्या.