माहितीपूर्ण संमती (कोकणातील मानवी संशोधन)

संशोधनाचा हेतू, पद्धत, धोके, संभाव्य लाभ आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क समजेल अशा बोलीत सांगून, दबाव न आणता मिळवलेली परवानगी म्हणजे माहितीपूर्ण संमती. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या न्युरेंबर्ग संहितेने (१९४७) स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली. अमेरिकेतील बेल्माँट अहवालाने (१९७९) न्यायाचे, म्हणजे संशोधनाचा भार आणि लाभ यांच्या रास्त वाटणीचे तत्त्व ठळक केले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि औषधचाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत.

कोकणात खरा पेच सहीच्या आधीच पडतो. वाडीत शिरताना आशाताई, सरपंच किंवा गावकीची ओळख लागते. त्यांना विचारणे रास्तच. पण गावकीचा होकार म्हणजे प्रत्येकाचा होकार नव्हे. नवरा मुंबईला असलेली बाई ‘त्यांना विचारून सांगते’ म्हणते. तिला तेवढा वेळ द्यावा, मात्र तिच्या रक्तनमुन्यासाठी संमती तिचीच लागते. बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) ‘हो’ म्हणाला की खलाशाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, म्हणून त्याला एकट्याला गाठून विचारलेले बरे. रत्नागिरीच्या बंदरांतील नेपाळी खलाशांना तर मराठी पत्रकाचा काहीच उपयोग नाही. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याला निःपक्ष साक्षीदार हवा. संशोधन चमूतला माणूस चालत नाही.

न्याय्यतेचा प्रश्न वेगळा. सिंधुदुर्गात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका भातखाचरांत राबणाऱ्यांना आणि दोडामार्गाकडे माकडतापाचा (रानातील गोचिडींमुळे होणारा ताप) धोका काजूबागांत, रानात जाणाऱ्यांना अधिक. आजार त्यांचा, तेव्हा अभ्यास त्यांच्यात होणे योग्यच. तपासणीचा निकाल त्यांच्यापर्यंत पोचला नाही किंवा पुढे आलेले औषध त्यांना मिळाले नाही, तर तो अन्याय. रायगडातील कातकऱ्यांना केवळ सहज सापडतात म्हणून निवडणे त्याहून वाईट. बुडालेली मजुरी भरून द्यावी. पण कोळसा वा वीटभट्टीच्या मालकाची उचल अंगावर असलेल्या माणसाला नाकारताच येणार नाही, एवढी रक्कम पुढे करू नये.

अलिबाग परिसरात मूळ असलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या जनुकांवर संशोधन झाले आहे. एवढ्या लहान समाजात व्यक्तीचे नाव झाकले तरी निष्कर्ष साऱ्या समाजाला चिकटतो, म्हणून तो प्रसिद्ध करण्याआधी समाजातील जाणत्यांशी बोलणे इष्ट. साठवलेले नमुने नव्या कामासाठी वापरायचे तर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे पुन्हा जावे लागते आणि समितीने सांगितल्यास नमुना देणाऱ्याकडेही.